हवेतल्या विषाचा प्रवास: फवारा, धूर आणि वऱ्हाडची हवा

हवेत सोडलेले विषारी कार्बनी संयुग जसेच्या तसे राहत नाही. उन्हाने त्याची वाफ होते, थंडीत ते काजळीच्या कणांना चिकटते, दिवसाच्या प्रकाशात त्याचे तुकडे पडतात आणि त्यांतले काही तुकडे मूळ पदार्थापेक्षा जास्त विषारी निघतात. पुढे ते पावसाबरोबर किंवा धुळीबरोबर जमिनीवर, पानांवर, पाण्यात उतरते आणि जमीन तापली की पुन्हा वर चढते. या प्रवासात माणसाच्या हाती फार थोडे असते: पदार्थ हवेत सोडायचा की नाही, आणि सोडायचाच तर कोणत्या वेळी. एकदा तो हवेत गेला की त्याला परत बोलावता येत नाही.

वऱ्हाडातले अचलपूर-परतवाडा हे जोडशहर गाविलगडच्या डोंगररांगेच्या पायथ्याशी वसले आहे. उत्तरेला मेळघाटचे जंगल, दक्षिणेला कापूस, तूर, सोयाबीन आणि संत्र्याचा काळ्या मातीचा सपाट मुलूख. मोठे रासायनिक कारखाने या भागात नाहीत, म्हणून हवेतले विष हा मुंबई-चंद्रपूरचा प्रश्न आहे असा समज सहज होतो. तो चुकीचा आहे. राष्ट्रीय शुद्ध हवा कार्यक्रमात मानकांत न बसणाऱ्या शहरांची जी यादी आहे, तीत अमरावती आणि अकोला ही दोन्ही शहरे आहेत. त्या यादीचा आधार मुख्यतः धूलिकणांचा आहे. त्या कणांवर बसून आणि त्यांच्यासोबत वाफेच्या रूपाने काय काय येते, याची मोजणी लहान गावांत होत नाही. खेड्यात ते येते ते तीन वाटांनी: फवारणी, धूर आणि वाहने. धुरात चूल, शेकोटी, शेतातली पऱ्हाटी म्हणजे कपाशीची वाळलेली झाडे आणि प्लास्टिकचा कचरा हे सगळे आले.

कोणतेही संयुग हवेत कसे वागेल हे आधी त्याच्या वाफ होण्याच्या ओढीवर ठरते. पेट्रोलमधले बेंझिन नेहमी वायुरूपातच राहते. धुरातले बेंझोपायरीन किंवा प्लास्टिक जळताना होणारी डायॉक्सिने बहुतांशी कणांवर बसलेली असतात. या दोन टोकांच्या मध्ये बरीचशी कीटकनाशके आणि धुरातली लहान बहुवलयी संयुगे येतात, आणि तापमानाप्रमाणे ती आपली जागा बदलतात. तापमान दहा अंशांनी वाढले की अशा पदार्थांची वाफ होण्याची ओढ साधारण दोन-तीन पटींनी वाढते. अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांच्या वर जातो आणि जानेवारीच्या पहाटे १० अंशांच्या आसपास येतो. म्हणजे एकच पदार्थ उन्हाळ्यात बव्हंशी वाफ, तर हिवाळ्यात काजळीवरचा लेप असतो.

या फरकाचा संबंध थेट तोंडाला बांधलेल्या कापडाशी आहे. दुपट्टा किंवा शेला फवाऱ्याचे मोठे थेंब आणि जाड धूळ काही प्रमाणात अडवतो. वाफ त्यातून सरळ आत जाते, आणि काजळीचे बारीक कणही जातात. कापड औषधाने भिजले तर ते नाकासमोर धरलेल्या विषाच्या बोळ्यासारखे होते. त्यापेक्षा काही न बांधणे बरे, असे म्हणण्याइतके ते वाईट आहे. वाफ अडवायला सक्रिय कोळशाची डबी असलेला श्वसनरक्षक मुखवटाच लागतो आणि ती डबी ठरल्या मुदतीत बदलावी लागते.

दुसरी गोष्ट हवेच्या थराची. उन्हाळ्याच्या दुपारी जमीन तापते, हवा वर उसळते आणि जमिनीवरचा धूर दोन-तीन किलोमीटर उंचीपर्यंत मिसळून पातळ होतो. डिसेंबरच्या रात्री उलटे घडते. आकाश निरभ्र, वारा पडलेला, जमीन लवकर गार होते आणि तिच्यालगतची थंड हवा उबदार हवेच्या थराखाली अडकते. मिसळायला उरते ती शे-दोनशे मीटरची जागा, कधी त्याहूनही कमी. डोंगराच्या पायथ्याशी यात आणखी भर पडते, कारण रात्री उतारावरची थंड, जड हवा नाल्यांच्या खोलगट भागांतून खाली घरंगळते आणि सखल वस्तीत साचते. संध्याकाळी पेटवलेल्या कचऱ्याचा धूर पहाटेपर्यंत त्याच मोहल्ल्यात आडवा पसरलेला दिसतो तो यामुळेच. तितकाच कचरा दुपारी जळला असता तर धूर तेवढाच निघाला असता, पण शेजाऱ्याच्या छातीत गेलेला वाटा कितीतरी कमी असता.

अशा स्थिर रात्रीचे सर्वांत भीषण उदाहरण सातपुड्याच्या पलीकडे घडले आहे. १९८४ साली २ डिसेंबरच्या मध्यरात्रीच्या सुमारास भोपाळमधील युनियन कार्बाइडच्या कीटकनाशक कारखान्यातून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. कार्बारिल हे कीटकनाशक बनवण्यासाठी ते वापरले जात होते. त्याची वाफ हवेपेक्षा जवळजवळ दुप्पट जड असते. थंड, शांत रात्री ती वर न उसळता जमिनीलगत झोपलेल्या वस्तीतून सरकत गेली आणि हजारो माणसे मेली.

हवेत गेलेल्या कार्बनी संयुगांचा नाश मुख्यतः हायड्रॉक्सिल मूलक करतो. ओझोनवर अतिनील किरण पडले की तुटलेला ऑक्सिजन पाण्याच्या वाफेशी जुळतो आणि हा मूलक तयार होतो. तो एक सेकंदही टिकत नाही. भर दुपारी एक घन सेंटिमीटर हवेत असे मूलक दहा लाखांच्या घरात असतात; तेवढ्याच हवेतल्या एकूण रेणूंची संख्या लिहायला दोनावर एकोणीस शून्ये द्यावी लागतात. इतक्या नगण्य प्रमाणात असूनही पृथ्वीची हवा धुण्याचे बहुतेक काम तोच करतो. सूर्य मावळला की त्याचे काम थांबते. रात्री त्याची जागा काही अंशी नायट्रेट मूलक आणि ओझोन घेतात, पण ते सगळ्याच पदार्थांवर चालत नाहीत.

या मूलकाशी कोण किती वेगाने झुंजते यावर पदार्थाचे हवेतले आयुष्य ठरते. धुरातले ब्युटाडाईन दिवसा काही तासांत संपते. झायलिन दिवसभरात, टोल्युइन सुमारे दोन दिवसांत, तर बेंझिन सुमारे दहा दिवसांत. ताशी दहा किलोमीटरच्या मंद वाऱ्यावरही दहा दिवसांत हवा दोन हजार किलोमीटरांवर जाऊन पोचते. त्यामुळे ब्युटाडाईन हे ज्याच्या त्याच्या गल्लीचे विष ठरते आणि बेंझिन साऱ्या देशाचे. देशाच्या २००९ च्या हवा मानकांत बेंझिनची वार्षिक मर्यादा घनमीटरला ५ मायक्रोग्रॅम आणि बेंझोपायरीनची फक्त १ नॅनोग्रॅम ठेवली आहे. दोन्ही पदार्थ कर्करोगकारक म्हणून सिद्ध झालेले आहेत.

नाश म्हणजे निर्विष होणे नव्हे, हा या सगळ्या रसायनशास्त्राचा गाभा आहे. टोल्युइन, झायलिन आणि पेट्रोलची इतर वाफ तुटताना फॉर्मल्डिहाइड होते. ते डोळ्यांना झोंबते आणि तेही कर्करोगकारक आहे. वाहनांच्या नायट्रोजन ऑक्साइडांसह त्याच प्रक्रियेत ओझोन तयार होतो. त्याच वेळी पेरॉक्सिअॅसिटिल नायट्रेट नावाचे आणखी एक झोंबरे संयुग होते. ते थंड हवेत टिकते आणि उबदार हवेत तासाभरात फुटून पुन्हा नायट्रोजन ऑक्साइड मोकळे करते. म्हणून ओझोनचा जोर बाजारपेठेत सकाळी कमी आणि दुपारी गावाबाहेर वाऱ्याच्या खालच्या बाजूला जास्त आढळतो. दुपारी डोंगरउतार तापून वारा खालून वर चढतो, तेव्हा शहराचा हा मुरलेला धूर घाटाकडे सरकतो. दमेकऱ्यांनी उन्हाळ्यातली दगदग सकाळी उरकावी, हा सल्ला केवळ उष्णतेसाठी नाही.

धुरातल्या बहुवलयी संयुगांचे बदल आणखी काळजीचे आहेत. लाकूड, पऱ्हाटी, डिझेल, काहीही अर्धवट जळले की ती तयार होतात. ज्वाळेने जळणाऱ्या कोरड्या काडीपेक्षा धुमसणाऱ्या ओल्या काडीतून ती जास्त निघतात. हवेत त्यांचा मूलकांशी आणि नायट्रोजन डायॉक्साइडशी संबंध आला की नायट्रो-संयुगे बनतात आणि त्यांतली काही पेशीतल्या गुणसूत्रांना मूळ संयुगापेक्षा अधिक इजा करतात. २-नायट्रोफ्लुओरँथीन हे त्यांपैकी एक. ते इंजिनातून जवळजवळ निघतच नाही, हवेतच जन्मते. बेंझोपायरीन उघड्यावर ओझोनने लवकर नष्ट व्हायला हवे, पण काजळीच्या कणावर इतर चिकट पदार्थांचा थर बसला की आतले बेंझोपायरीन सुरक्षित राहते आणि थंड, कोरड्या हवेत दूरवर पोचते.

कपाशीच्या पट्ट्यात पऱ्हाटी जाळण्यामागे एक खरे कारणही असते. गुलाबी बोंडअळीचे चक्र तोडायला हंगाम संपताच शेत मोकळे करावे, असे कृषी विभाग आणि अकोल्याचे डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठ सांगत आले आहे. शेत मोकळे करणे आवश्यक आहे. ते पेटवूनच केले पाहिजे असे नाही. श्रेडरने बारीक केलेली पऱ्हाटी मातीत मिसळते किंवा खतात कुजते आणि बोंडांत दडलेली अळीही मरते. गावात दोन-चार शेतकऱ्यांनी मिळून यंत्र भाड्याने आणले तर खर्च वाटला जातो. ज्यांच्या घरी पऱ्हाटी हेच सरपण आहे, त्यांनी ती पूर्ण वाळवून, छपराखाली ठेवून वापरावी आणि चुलीवर धुराडे किंवा निदान वर मोकळी जागा ठेवावी. रांगती मुले चुलीजवळ ठेवू नयेत. श्वासाचा वेग मुलांचा जास्त, आणि धुराचा वाटाही.

प्लास्टिकबाबत मात्र कोणतीही सवलत देता येत नाही. संत्रा बागांत ठिबकच्या जुन्या नळ्या, पीव्हीसी पाइपांचे तुकडे, मल्चिंगचा कागद, औषधांच्या बाटल्या आणि बियाण्यांच्या पिशव्या धुऱ्यावर गोळा करून पेटवण्याची सवय पसरली आहे. पीव्हीसीत क्लोरीन असते. पीव्हीसी जळताना, विशेषतः धूर २०० ते ४०० अंशांच्या टप्प्यात थंड होत असताना, डायॉक्सिने तयार होतात. ती कणांवर बसून बरीचशी जवळपास उतरतात, गवतावर पडतात, गाई-म्हशींच्या चरबीत साठतात आणि दुधातून घरी येतात. माणसाच्या शरीरात जाणाऱ्या डायॉक्सिनांपैकी नव्वद टक्क्यांहून अधिक अन्नातून येतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. म्हणजे धूर टाळला तरी तो ताटात येतोच. उघड्यावर कचरा जाळण्यावर राष्ट्रीय हरित लवादाने डिसेंबर २०१६ मध्ये देशभर बंदी घातली असून साध्या प्रकरणात ५,००० आणि मोठ्या प्रमाणावर जाळल्यास २५,००० रुपये दंड ठरवला आहे. नळ्या भंगारवाल्याला विकाव्यात. औषधांच्या बाटल्या तीनदा विसळून, ते पाणी फवारणीच्या पंपातच ओतून, बुडाला भोक पाडून वेगळ्या ठेवाव्यात.

फवारणीची कथा सर्वांत गुंतागुंतीची आहे. क्लोरपायरिफॉस, क्विनॉलफॉस, डायमेथोएट या ऑर्गेनोफॉस्फरस गटातल्या कीटकनाशकांत फॉस्फरसला जोडलेला गंधकाचा अणू असतो. हवेतल्या मूलकांमुळे तो गंधक निघून त्याच्या जागी ऑक्सिजन बसतो आणि 'ऑक्सॉन' तयार होते. शरीरातल्या मज्जातंतूंचे काम ज्या कोलिनेस्टरेज विकरावर चालते, त्याला खरोखर अडवते ते हे ऑक्सॉन. मूळ कीटकनाशक पोटात गेले तर यकृतात त्याचे ऑक्सॉन होते आणि मग विष चढते. हवेत आणि पानांवर हे काम आधीच झालेले असते. क्लोरपायरिफॉसच्या वाफेचे दिवसा काही तासांतच असे रूपांतर सुरू होते. २०२५ साली हे कीटकनाशक चिवट प्रदूषकांवरच्या आंतरराष्ट्रीय स्टॉकहोम कराराच्या यादीत आले, ते त्याच्या चिवटपणामुळे आणि दूरवर पसरण्यामुळे.

संत्रा उत्पादकांसाठी कॅलिफोर्नियाचा अनुभव फार महत्त्वाचा आहे. तिथल्या संत्र्याच्या बागांत विसाव्या शतकाच्या मध्याला पॅराथिऑन हे याच गटातले कीटकनाशक फवारले जाई. फवारणाऱ्यांना विषबाधा होई, पण त्याबरोबर तोडणीचे मजूरही फवारणीनंतर कित्येक दिवसांनी, काही वेळा आठवड्यांनी आजारी पडू लागले. कारण शोधल्यावर लक्षात आले की कोरड्या हवेत पानांवरच्या धुळीत पॅराथिऑनचे पॅराऑक्सॉन झाले होते आणि पाऊस नसल्याने ते धुऊन गेले नव्हते. झाड हलवले की ती धूळ मजुरांच्या अंगावर पडे. यातूनच फवारणीनंतर किती दिवस बागेत शिरू नये याचे नियम आले. वऱ्हाडात मृग बहाराची तोडणी फेब्रुवारी-मार्चच्या कोरड्या, धुळीच्या दिवसांत होते. परिस्थिती त्या बागांसारखीच आहे. लेबलवर दिलेला तोडणीपूर्व काळ पाळावाच. तोडणीच्या मजुरांना बागेत शेवटचे काय आणि केव्हा फवारले हे सांगणे बागवानाचे कर्तव्य आहे. मजुरांनी बाह्या पूर्ण झाकाव्यात आणि तोडणी झाल्यावर हात-तोंड धुतल्याशिवाय भाकरी खाऊ नये.

वाफ किती दूर जाते याचा पुरावा कपाशी स्वतः देते. २,४-डी या तणनाशकाला ती अतिशय संवेदनशील आहे. शेजारच्या ज्वारीत किंवा धुऱ्यावर ते फवारले की काही दिवसांत कपाशीची पाने अरुंद, लांबट, भेंडीच्या पानांसारखी होतात. यातले काही नुकसान फवाऱ्याच्या उडालेल्या थेंबांनी होते, पण एस्टर स्वरूपातले २,४-डी जमिनीवर पडल्यानंतरही उन्हात वाफ होऊन उठते आणि दुसऱ्या दिवशीच्या वाऱ्यावर पलीकडच्या शेतात जाते. वारा नव्हता, तरी नुकसान कसे झाले, या शेजाऱ्यांमधल्या भांडणाचे उत्तर इथे आहे. सोडियम किंवा अमाइन क्षाराच्या स्वरूपातले २,४-डी फारसे उडत नाही. कपाशीच्या जवळपास एस्टर वापरू नये, आणि तणनाशकाचा पंप कीटकनाशकासाठी तर मुळीच वापरू नये.

हवेतून खाली येण्याच्या वाटाही ठरलेल्या आहेत. पाण्यात विरघळणारी संयुगे पाऊस चटकन धुऊन काढतो, कणांवरची कणांसोबत उतरतात, आणि बेंझिनसारखी न विरघळणारी पावसाला दाद देत नाहीत. धुक्याचे थेंब तर साध्या पाण्यापेक्षा कितीतरी जास्त कीटकनाशक धरून ठेवतात. अमेरिकेत १९८०च्या दशकात धुक्याचे पाणी तपासले तेव्हा त्यात मूळ कीटकनाशकांसोबत त्यांची ऑक्सॉनेही सापडली. म्हणून धुक्याच्या सकाळी फवारलेल्या शेतातून फिरणे टाळावे. छपरावरचे पाणी साठवणाऱ्या घरांनी मृगाच्या पहिल्या एक-दोन सरींचे पाणी बाहेर सोडावे. चिवट संयुगे मात्र उतरूनही संपत नाहीत. डीडीटीच्या शेतीतील वापरावर भारतात १९८९ साली बंदी आली, एन्डोसल्फान सर्वोच्च न्यायालयाने १३ मे २०११ रोजी थांबवले. तरी अशी संयुगे उष्ण प्रदेशातून उठून, थंड प्रदेशात उतरून, पुन्हा उठून आर्क्टिकच्या हवेत पोचलेली आहेत.

घरातली हवा वेगळी वागते, कारण तिथे ऊन नाही आणि हायड्रॉक्सिल मूलकही अगदी थोडे. बाहेर नॅफ्थलीन दिवसा काही तासांत संपते. कपाटातल्या डांबरगोळीतून उडालेले नॅफ्थलीन खोलीत साठत राहते, आणि बाहेर जाण्याचा एकच मार्ग म्हणजे खिडकी. जन्मतः जी६पीडी विकराची कमतरता असलेल्या बाळांना डांबरगोळ्यांच्या कपड्यांनी रक्तातल्या पेशी फुटण्याचा धोका असतो. बाळाच्या दुपट्यांत त्या ठेवू नयेत. गोधड्या, शाली काढल्यावर दिवसभर उन्हात घालाव्यात. रंग दिलेली खोली, मच्छर अगरबत्ती आणि साठवलेले पेट्रोल यांनाही खिडकीचा हाच नियम. हिवाळ्यात खिडक्या उघडायच्या त्या ऊन वर आल्यावर, दहा-अकरानंतर. पहाटे बाहेरची हवाच अधिक घाण असते.

फवारणीची वेळ ठरवताना दोन्ही टोके टाळावी लागतात. भर दुपारी वाफ जास्त होते, आणि पहाटे किंवा सूर्यास्तानंतर वारा पडला की बारीक थेंब हवेत तरंगत राहून भलतीकडे उतरतात. दव सुकल्यावर, धूर सरळ न चढता हलका कलतो इतपत वारा असताना, ताशी तीन ते पंधरा किलोमीटरच्या दरम्यान, सकाळी काम करावे. वाऱ्याला आडवे चालावे, फवारलेली ओळ नेहमी वाऱ्याच्या खालच्या बाजूला राहील असे. २०१७च्या खरिपात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात गेले. त्या वर्षी कपाशी माणसाच्या डोक्यापर्यंत वाढली होती, फवारा डोक्यावर धरावा लागत होता आणि दोन-तीन औषधे एकत्र मिसळली जात होती. उंच, दाट कपाशीत वारा शिरत नाही. आतली हवा बंद खोलीसारखीच असते. अशा पिकात एकट्याने, उपाशीपोटी किंवा सलग दिवसभर फवारणी करू नये.

मळमळ, खूप घाम, तोंडातून लाळ, डोळ्यांची बाहुली बारीक होणे, धूसर दिसणे, छाती भरून येणे, ही ऑर्गेनोफॉस्फरस विषबाधेची लक्षणे आहेत. ती रात्री घरी परतल्यावरही सुरू होऊ शकतात आणि उन्हाचा त्रास समजून दुर्लक्षिली जातात. बाधिताचे कपडे लगेच काढावेत, अंग आणि केस साबणाने धुवावेत, दूध-तूप पाजत बसू नये, आणि १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका बोलवावी. औषधाची बाटली किंवा निदान तिचे लेबल सोबत न्यावे. त्यावर औषधाचे नाव, विषाच्या तीव्रतेचा रंगीत त्रिकोण आणि उताऱ्याचे औषध छापलेले असते, आणि डॉक्टरांना उपचार सुरू करायला पहिल्यांदा तेच लागते.